मूल मारकुटे झाले असेल तर : गावातून तज्ज्ञांपर्यंत कसे पोहोचावे

शाळेतून निरोप येतो, शेजारीण आपल्या रडणाऱ्या मुलाला घेऊन दारात उभी राहते, अंगणवाडीत कुणाच्या तरी हाताला चावा घेतलेला असतो, आणि घरातले वडीलधारे माणूस म्हणते, "लहान हाय, सुधरंल आपोआप." काही मुले खरोखरच सुधारतात. दोन-तीन वर्षांच्या वयात मारणे, चावणे, जमिनीवर लोळण घेणे हे बहुतेक मुलांत थोडेफार असते, कारण मनातले सांगायला त्या वयात शब्द पुरत नाहीत. बोलणे वाढते तसे हे कमी होत जाते आणि पाचव्या वर्षापर्यंत बरेचसे मावळते. ज्या मुलाचे ते मावळत नाही, उलट वाढत जाते, त्याच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे.

मी विदर्भातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बरीच वर्षे शिकवले. तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. तो मधल्या सुटीत रोज कुणाला तरी मारायचा आणि "काहून मारलं रे?" असे विचारले की नुसता पाहत राहायचा. आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले, वडिलांना बोलावले, वडिलांनी सर्वांसमोर त्याला झोडपले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मारले. पुढे आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले तेव्हा त्याचे दोन्ही कान वाहत असल्याचे आणि त्याला फार कमी ऐकू येत असल्याचे आढळले. मुले मागून हाका मारत, तो वळत नसे, मुले हसत, आणि त्यांचे हसणे मात्र त्याला दिसत असे. ज्याला आम्ही मुजोरी समजलो ते त्याचे न ऐकू येणे होते, आणि ते ओळखायला आम्ही एक अख्खे वर्ष घालवले. ही चूक मला आजही बोचते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दाखवायचे केव्हा

पाच वर्षांनंतरही मारणे, फेकणे, तोडणे हे काही महिने सतत चालू असेल, आणि ते घर, शाळा, मामाचे गाव अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसत असेल, तर वाट पाहू नये. वय कितीही असो, पुढील गोष्टी दिसल्यास लगेच दाखवावे: मूल स्वतःचे डोके आपटते किंवा स्वतःला इजा करते, जनावरांना मुद्दाम छळते, आग लावते, विळा किंवा कुऱ्हाड उचलून धावते, मध्येच काही क्षण शून्यात पाहत राहते किंवा झटके येतात, येत असलेले शब्द बोलणे बंद करते. अडीच-तीन वर्षांचे मूल बोलतच नसेल, हाकेला वळत नसेल, नजर देत नसेल, तर त्याच्या रागाआधी त्याच्या बोलण्याची आणि ऐकण्याची तपासणी व्हायला हवी.

शांत स्वभावाचे मूल अचानक हिंसक झाले, एखाद्या घरी किंवा एखाद्या माणसाजवळ जायला नकार देऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, तर त्याच्यावर कुणी अत्याचार तर करत नाही ना, हा प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारलाच पाहिजे. मुलाला दरडावून विचारू नये. जे सांगेल ते ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे; नातेवाईक आहे म्हणून ती दडपता येत नाही.

गावातली पहिली पायरी

थेट नागपूर गाठण्याची गरज बहुतेकदा नसते. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यापैकी ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल त्यांना आधी सांगावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालतो. त्यातील वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील व्यंगे, आजार, कमतरता व विकासातील विलंब शोधून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. पथक येणार त्या दिवशी आईने किंवा वडिलांनी स्वतः हजर राहावे, कारण शे-दीडशे मुलांच्या रांगेत आपल्या मुलाच्या रागाबद्दल दुसरे कुणी सांगणार नाही. पथक नुकतेच येऊन गेले असेल तर पुढच्या फेरीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

तेथील डॉक्टरांकडून कान, डोळे, वजन आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का हेही विचारावे. वारंवार हातपाय दुखणारे, थकलेले आणि झोप न झालेले मूल चिडते, आणि लहान वयात दुखणे सांगता येत नसल्यामुळे ते हाताने बोलते. शरीराचे कारण आधी तपासून घेतले तर पुढची निम्मी वणवण वाचते, असे माझे मत आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधीच कुणाशी बोलायचे असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन मुलासमोर करू नये; शेतात किंवा ओसरीवर जाऊन करावा.

वही

या लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. डॉक्टर मुलाला पंधरा-वीस मिनिटे पाहतात, आणि अनेक मुले नव्या जागी अगदी शहाण्यासारखी बसतात, त्यामुळे आईने सांगितलेले अतिशयोक्तीचे वाटू लागते. आपण त्याला दिवसभर पाहतो. ते पाहिलेले कागदावर नेले तर निदानाला आधार मिळतो. नाहीतर "लय त्रास देते साहेब" या चार शब्दांवर सगळे अवलंबून राहते.

दोन रुपयांच्या पेनाने, शाळेच्या जुन्या वहीत, निदान दोन आठवडे लिहावे. प्रत्येक वेळी तीन गोष्टी: आधी काय झाले, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर घरच्यांनी काय केले. उदाहरणार्थ: "सोमवार, संध्याकाळी सात. मोबाईल काढून घेतला. आजीला ढकलले, ताट फेकले. पंधरा मिनिटे चालले. आजीने मोबाईल परत दिला. दुपारी जेवला नव्हता." या एका नोंदीत तज्ज्ञाला बरेच काही दिसते. मूल उपाशी होते, आणि ताट फेकले की मोबाईल मिळतो हे त्याला घरानेच शिकवले आहे. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की आपल्यालाही दिसू लागते की राग उगाच येत नाही. तो ठरावीक वेळी, ठरावीक माणसासमोर, ठरावीक गोष्टीवरून येतो. "वाईट वागला", "अंगात आल्यासारखे केले" असे लिहू नये. जे डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहावे. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीकडून लिहून घ्यावे किंवा मोबाईलवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावे.

वहीच्या मागच्या पानांवर जुना इतिहास लिहावा. बाळंतपण किती महिन्यांनी झाले, बाळ लगेच रडले का, काचेच्या पेटीत ठेवावे लागले का, कावीळ किंवा झटके आले का, मान कधी धरली, चालले कधी, पहिला शब्द कधी बोलले, डोक्याला मार लागला होता का, झोप किती आणि कशी. लसीकरणाचे कार्ड व प्रसूतीचे कागद असतील तर सोबत घ्यावेत. शिक्षकांकडून अर्धे पान लिहून घ्यावे, कारण लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, म्हणजे ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, त्याचे निदान करताना ही लक्षणे घर आणि शाळा दोन्हीकडे दिसतात का हे पाहावेच लागते.

आता सर्वांत अवघड पान. घरात कुणी दारू पिते का, मारहाण होते का, आईवडिलांचे भांडण मुलासमोर होते का, कर्जाची वसुली दारापर्यंत आली आहे का, घरातील कुणी गेले आहे का. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे असले तरी तिथल्या घरांतही हा प्रश्न विचारावा लागतो. बापाने जीव दिला त्या घरातील मुलगा वर्षभर गप्प राहतो आणि मग एक दिवस वर्गात दगड उचलतो, हे आपल्या भागात घडलेले आहे. लहान मुलाचे दुःख पुष्कळदा रागाचेच रूप घेते. मोठा मुलगा असेल तर खर्रा, बिडी किंवा आणखी काही सुरू आहे का, आणि ते मिळाले नाही की चिडचिड वाढते का, हेही लिहावे. हे सांगायला लाज वाटते, मात्र ते न सांगता मिळालेले औषध चुकीच्या दुखण्यावर पडते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. "हे माझ्याजवळच राहील ना?" असे आधी विचारून मग बोलावे, तो आपला हक्क आहे.

कुठे जावे आणि कुणाला भेटावे

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात बसते आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातही येते. तो वार कोणता हे प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधी विचारून घ्यावे, म्हणजे हेलपाटा पडत नाही. लहान मुलांच्या विकासातील अडचणींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, आणि बाल स्वास्थ्य पथकाची चिठ्ठी असली की तेथे प्रवेश सोपा होतो. त्यापुढची तपासणी लागल्यास नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तेथीलच मेयो रुग्णालय, मिहानमधील एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे येथील रुग्णालय, तसेच अकोला, यवतमाळ, चंद्रपूर व गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत; वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो नियम लागू नाही, म्हणून तिथे जाताना थोडे पैसे जवळ ठेवावेत. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलालाही अर्धेच लागते. मुक्कामी गाडीने पहाटे निघावे, कारण बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी सकाळीच होते. मुलासाठी डबा, पाणी आणि त्याची आवडती एखादी वस्तू घ्यावी. तीन तास रांगेत उपाशी बसवलेले मूल डॉक्टरांसमोर भडकणारच.

कोण काय करते हे माहीत असावे. बालरोगतज्ज्ञ शरीराचे आणि वाढीचे कारण पाहतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्धीच्या व वर्तनाच्या चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतात; ते औषध देत नाहीत, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. खासगी ठिकाणी गेल्यास ही नोंदणी विचारायला संकोच करू नये. वाचा उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची गरज पुढे लागू शकते.

शक्य झाल्यास आईबरोबर वडिलांनी जावे, आणि घरात ज्यांचा शब्द चालतो त्या आजी किंवा आजोबांनाही एकदा न्यावे. आईला एकटीला पाठवले की परत आल्यावर तिने सांगितलेले कुणी ऐकत नाही, सासू म्हणते "आमी काय पोरं वाढोली नाई?", आणि पहिल्याच आठवड्यात सगळे मोडते. मुलाला "फिरायला चाललो" असे खोटे सांगून नेऊ नये. "तुला राग येतो तेव्हा तुलाही त्रास होतो, तो कमी कसा करायचा ते डॉक्टरांना विचारायचे आहे" इतके सांगितलेले त्याला समजते.

तिथे काय होते

पहिल्या भेटीत बहुधा नुसते विचारणे आणि खेळवत निरीक्षण करणे होते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत चाचण्या होतात. झटक्यांची शंका असेल तरच मेंदूचा आलेख काढतात. एका भेटीत नाव मिळाले नाही म्हणून दवाखाना बदलू नये. कारण एकच असेल असेही नसते: एडीएचडी, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, अभ्यासातील विशिष्ट अडचण, दीर्घकाळची उदासी, घरातील हिंसा यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच मुलात एकत्र असू शकतात.

गावात दोन भीती फार असतात. एक, "शॉक देतील". २०१७ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी या दोन्हींशिवाय विद्युत उपचार देता येत नाहीत, आणि रागासाठी आणलेल्या मुलाच्या बाबतीत तो विषय सहसा निघतही नाही. दुसरी, "ठेवून घेतील". बहुतांश मुले त्याच दिवशी घरी परततात, आणि क्वचित दाखल करावे लागलेच तर पालकाने सोबत राहायचे असते.

लहान मुलांसाठी पहिला उपचार प्रायः आईवडिलांनाच शिकवण्याचा असतो. यात कुणी तुम्हाला दोष देत नाही. चांगल्या वागण्याकडे लगेच लक्ष देणे, सूचना एका वेळी एकच आणि थोडक्यात देणे, धमकी न देता जे सांगितले तेच करणे, ताट फेकले म्हणून मोबाईल परत न देणे, हे सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे. सुरुवातीचे काही दिवस राग उलट वाढतो, कारण आजवर चालत आलेली युक्ती चालेनाशी झाल्याचे मूल तपासून पाहते. नेमके याच वेळी घरे हार मानतात. हे दिवस निघून जातात.

औषध सुचवले गेले तर चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत: हे कशासाठी आहे, केव्हा फरक दिसेल, त्रास काय होऊ शकतो, आणि किती दिवस चालेल. एडीएचडीसाठीच्या मिथाइलफेनिडेटने भूक कमी होऊ शकते. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढू शकते. म्हणून दर भेटीत वजन मोजून घ्यावे. औषध मनाने बंद करू नये, मनाने वाढवू नये, आणि पदवी नसलेल्या कुणाकडूनही "शांत राहायची गोळी" घेऊ नये.

भगताकडे किंवा बाबाकडे अनेक घरे आधीच जाऊन आलेली असतात. देवाला नवस बोलायला कुणाची हरकत नाही. तो बोलूनही दवाखान्याची तारीख पाळता येते. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला बांधणे, मारणे किंवा चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसे होत असेल तर मुलाला तेथून उचलून घरी आणावे.

घरात भडका उडतो तेव्हा

तारीख मिळेपर्यंतचे दिवस काढायचे असतात. फवारणीची औषधे, विळे, कुऱ्हाड, आगपेटी कुलपात ठेवावीत. कीटकनाशक घरात उघड्यावर असणे हा रागीट मुलाच्या घरातील सर्वांत मोठा धोका आहे असे मी मानतो. भडका उडाला की एकाच मोठ्याने बोलावे, आवाज खाली ठेवावा, लहान भावंडांना दुसऱ्या खोलीत न्यावे, आणि शिकवण्याचे बोलणे नंतरसाठी ठेवावे. खुंट्याला बांधू नये, कोंडू नये. मूल मरण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नये. स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची वेळ आली, अथवा विष घेतल्याची नुसती शंका जरी आली, तरी १०८ ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे.

शाळेशी बोलताना

शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी आहे. हे मुख्याध्यापकांना भांडणाच्या सुरात सांगण्यापेक्षा दवाखान्याचा कागद दाखवून सांगावे, पहिल्या बाकावर जागा मागावी, आणि गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलावण्याची विनंती लेखी करावी. निदान स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता असे झाले तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ते बसते आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एडीएचडी एकटी असेल तर ती या यादीत नाही.

पुढच्या तारखा चुकतात त्या दसऱ्याच्या सुमारास, सोयाबीनच्या काढणीत, आणि दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे की या दिवसांत येणे कठीण आहे, आणि तेवढ्या काळाचे औषध व मधल्या काळातील फोनवरचा सल्ला मागून घ्यावा. मजुरीसाठी वीटभट्टीवर किंवा परजिल्ह्यात जाणार असाल तर केसपेपर आणि वही सोबत न्यावी, घरी पेटीत ठेवू नये. वहीत दर रविवारी एक ओळ लिहीत राहावे: या आठवड्यात किती वेळा, किती मिनिटे. दोन महिन्यांनी डॉक्टर विचारतील, "फरक आहे का?", तेव्हा ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवावे.